जुन्या बुलेट ३५० चे इंजिन मूळ स्थितीत आणायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

राळेगावचा शेतकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वडिलांची बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ब्लॉकची जुनी बुलेट ३५० बऱ्याच काळापासून शेतातल्या कोठ्यात उभी होती. पूर्वी एका मेकॅनिकने पिकअप वाढावा म्हणून तिला मोठा कार्ब्युरेटर बसवला, एअर फिल्टर काढून टाकला आणि मोकळा सायलेन्सर लावला. आता कधीकधी किक उलटी येऊन पायावर बसते, सुरू होताच निळसर धुराचा लोट निघतो आणि उन्हात काही किलोमीटर गेल्यावर जोर कमी होऊन थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. ऑइल मोजायच्या दांडीवर ते फार खाली दिसले, म्हणून मेकॅनिकने ते वरून भरले. पिस्टनच्या रिंगा गेल्या असून बोअर करावा (ब्लॉक आतून कापून मोठा करावा) लागेल, असे त्याचे म्हणणे आहे. मला वेग नको. गाडी कारखान्यातून आली तशी चालावी, एवढीच इच्छा आहे. इंजिन लगेच खोलावे काय?

वर्ध्याचे काका

भाऊ, अजून एकही नट सोडू नका. या इंजिनात ऑइलचा साठा वेगळ्या कप्प्यात असतो आणि गाडी फार दिवस उभी राहिली की झिजलेल्या पंपातून ते हळूहळू क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळाच्या पेटीत) उतरते. त्यामुळे दांडी कोरडी दिसते, माणूस वरून ऑइल भरतो आणि किक मारल्यावर खाली साचलेले सगळे ऑइल पिस्टनवर उडून धूर होतो. पहिल्यांदा क्रँककेसचा ड्रेन प्लग काढून ते बाहेर घ्या, नवे ऑइल घाला, गाडी थोडा वेळ चालवा आणि मगच दांडी पाहा. त्यानंतर धूर विरळ होत गेला, तर रिंगांवर आरोप करण्याचे कारण उरत नाही. मात्र चढावर जोर देताना धूर कायम राहिला तर रिंगांवर, आणि उतारावर थ्रॉटल बंद केल्यानंतर पुन्हा उघडताना लोट आला तर व्हॉल्व्ह गाईडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यावर) संशय घ्यावा.

उलट्या किकेचे मूळ बहुधा टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेत, आहे. पॉइंटची (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची) फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा आणि हे काम टायमिंगच्या आधी करा, कारण फट बदलली की टायमिंगही सरकते. ऑटो अॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) वजने बोटाने उघडून सोडा. स्प्रिंगने ती झटकन मिटली पाहिजेत. गंजाने ती उघडीच अडकली असतील, तर ठिणगी वेळेआधी पडून किक पायावर येणारच. वजने मिटलेली असताना, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन माथ्यापासून ०.८ मिलिमीटर खाली असेल तेव्हा पॉइंट उघडायला हवेत. त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. चावी चालू ठेवून इंजिन हळूहळू फिरवा आणि अँपिअर मीटर पाहा: पॉइंट मिटलेले असताना काटा वजाकडे झुकतो आणि उघडताक्षणी मध्यावर येतो. तोच तो क्षण.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट लावायची जागा) इंजिन पूर्ण थंड असतानाच लावावेत. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला जोर देणारी दांडी) बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. तो आवळलेला असेल, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, जोर जातो आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

अचलपूरचा वाचक

काकांच्या उत्तराला एक जोड देतो. मोठा कार्ब्युरेटर, उघडे तोंड आणि मोकळा सायलेन्सर यांमुळे मिश्रण कोरडे पडते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी होते), आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असल्याने ते आणखी कोरडे होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा असे इंजिन तापून जोर सोडते. मूळ मापाचा कार्ब्युरेटर, फिल्टर आणि जाळीचा सायलेन्सर आधी परत बसवा, कारण काळ्या मातीची बारीक धूळ उघड्या तोंडातून आत गेली, तर चांगला बोअरही घासला जातो. फटाक्यांसाठी सायलेन्सरचा हेडजवळचा सांधा तपासा. तिथून हवा ओढली जात असेल, तर कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) बदलून उपयोग नाही. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलून घ्या.

राळेगावचा शेतकरी

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. ड्रेन प्लग काढताच काळ्या ऑइलची मोठी धार आली आणि अॅडव्हान्सचे एक वजन खरोखरच गंजून उघडे अडकलेले होते. ते साफ करून टायमिंग लावल्यावर किक सरळ बसते आणि धूरही बराच उतरला आहे. मात्र कॉम्प्रेशन थोडे हलके वाटते. आता बोअर करावा काय?

नागपूरचा लेथवाला

आधी मोजा. प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून किक दाबा. दाब वाढला तर गळती रिंगांतून आहे, वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून, आणि तिथे लॅपिंगने (व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर घासून बसवण्याने) काम भागू शकते. रिंगांतून असेल, तर ब्लॉक उतरवून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा माप घ्यावे. आपला मूळ बोअर (आतला व्यास) ७० मिलिमीटरचा आहे आणि झीज सर्वांत जास्त वरच्या रिंगेच्या पट्ट्यात आढळते. फरक मर्यादेत असला तर हलके होनिंग (आतून बारीक घासणे) आणि नव्या रिंगा पुरतात. विनाकारण कापलेले बीड परत येत नाही. बोअर करावाच लागला, तर पिस्टन आधी विकत आणा आणि तो लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्याच मापाने ब्लॉक कापून घ्या. नुसत्या 'ओव्हरसाइज' शब्दावर ब्लॉक सोपवू नका, कारण पिस्टन आणि ब्लॉकमधली फट कमी राहिली तर आपल्या उन्हाळ्यात पिस्टन पहिल्याच लांबच्या फेरीत जाम होतो. ब्लॉक शेवटच्या मापाला पोहोचलेला असेल, तर नवी स्लीव्ह (आतली नळी) टाकून तो पुन्हा ७० वर आणता येतो. मापे घेतल्यावर इथे कळवा, पाहून सांगतो.