घराचं काम काढलंय. झाडू-पोछावाला रोबो फिरेल असं काय करून घेऊ?

गौरांगी: धायरीत दोन बेडरूमचा जुना फ्लॅट. सोमवारी सुतार आणि फरशीवाला येतोय. उंबरठे काढू का? बेडखाली किती जागा सोडू? चार्जिंगचा पॉइंट कुठे घेऊ? सासूबाई ७४ वर्षांच्या, काठी घेऊन चालतात. बजेट रोबोसकट ४० हजार. कुठला रोबो ते विचारत नाहीये.

खडूस_काका: माझा ६२ हजारांचा आहे. स्वतःचा पोछा स्वतः धुतो. एवढे घालायचे नसतील तर घेऊच नका.

गौरांगी: काका, ४० हजार. त्यात सुतारही आला.

मनीमाऊ: उंबरठे काढाच! बहुतेक रोबो साधारण २ सेंटिमीटरच चढतात. आमचा बाल्कनीच्या स्लायडिंगच्या पट्टीवर पोट टेकून बसतो आणि मला ऑफिसात मेसेज येतो.

सरळसोट: नुसते उंबरठे काढून भागेलच असं नाही. चौकटीखाली काळ्या ग्रॅनाइटची पट्टी आहे का? पुढे पायरी आहे का हे रोबो पोटाखालच्या इन्फ्रारेड सेन्सरने बघतो. काळा दगड किरणं फारशी परत पाठवत नाही, त्यामुळे त्याला तिथे खड्डा वाटतो आणि तो दारातूनच मागे फिरतो. फिकट दगड टाका.

खडूस_काका: माझ्याकडे काळाच आहे. मस्त जातो.

सरळसोट: ६२ हजारांत जात असेल हो.

पेणचा_पोहा: मी सेन्सरवर पांढरा कागद चिकटवला. तीन दिवस झकास चालला. चौथ्या दिवशी जिन्यावरून खाली. रो हाउस आहे आमचं, अकरा पायऱ्या.

टणटणीत: त्यापेक्षा मावशी लावा. त्या जिनासुद्धा पुसतात.

मनीमाऊ: आणि दर सणाला चार दिवस गावाला जातात.

टणटणीत: जातील की! माणूस आहे. तुम्ही नाही सुट्ट्या घेत?

सरळसोट: मावशींचा वेगळा धागा काढा ना. गौरांगी, डोक्यावर लायडारची (लेसरने खोली मोजणारी) डबी असलेले रोबो जेमतेम १० सेंटिमीटर उंच असतात. बेडखाली १२ तरी सोडा, नाहीतर थेट जमिनीपर्यंत बंद करा. अर्धवट ठेवलंत तर आत जाऊन अडकतो आणि मग काठीने ढोसत बसायचं. पॉइंट फरशीपासून वीतभर वर घ्या, बोर्डाच्या उंचीला नको. चार्जिंगच्या जागेसमोर दीडेक मीटर मोकळं हवं. पण ती जागा सासूबाईंच्या वाटेत नको. काठीवालं माणूस त्यालाच अडखळायचं. त्या दुपारी आडव्या झाल्या की चालवा.

नवीनच_आलोय: धागा वाचला नाही, पण उंबरठे काढा.

गौरांगी: सगळ्यांचे आभार. ठरलं. आतले उंबरठे काढतेय, सासूबाईंच्या पायांसाठी. बाहेरच्या दाराचा राहील, त्यावर त्या रोज हळदकुंकू वाहतात. बेड पेटीचेच, जादा गाद्या ठेवू कुठे? आणि काळी पट्टी तशीच ठेवणार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सगळी फरशी फिकट असली की त्यांना दार कुठे संपतं ते कळत नाही. काळी पट्टी दिसली की पाऊल जपून टाकतात. रोबो दिवाळीनंतर बघू, फिरेल हॉलमध्येच.

खडूस_काका: मग १५ हजारांचाही चालेल की.

पेणचा_पोहा: पांढरा कागद उरलाय माझ्याकडे.