मदत हवी आहे: एसी प्लांटचं एआय आमचे ऑपरेटर चालूच ठेवत नाहीत

नमस्कार मंडळी,

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका ऑफिस इमारतीची फॅसिलिटी मी बघतो. अकरा मजले, सहा भाडेकरू कंपन्या, ३५० टनांचे तीन वॉटर-कूल्ड चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं), त्यातले दोन चालू आणि एक स्टँडबाय. मालकांनी गेल्या वर्षी एआय बसवून घेतलं. ते बीएमएसमधून (इमारतीची यंत्रं सांभाळणारी संगणक प्रणाली) आकडे उचलतं आणि चिलर किती लावायचे, पाणी किती थंड पाठवायचं, पंप नि कूलिंग टॉवरचे पंखे किती वेगाने फिरवायचे ते ठरवतं.

मार्च ते मे ठीक चाललं. बिलही जरा उतरलं. मग पाऊस लागला. बाहेर २६-२७ अंश, ऊन नाही, म्हणून त्याने चिलरचं पाणी ७ वरून ९.५ वर नेलं. मजल्यांवर तापमान बरोबर २४, डॅशबोर्ड हिरवागार. आणि तिसऱ्या मजल्यावरून फोनवर फोन: अंग चिकट होतंय, प्रिंटरमधला कागद मऊ पडलाय, कार्पेटला वास मारतोय. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर (सगळे त्यांना काकाच म्हणतात) प्लांटरूममध्ये गेले, पाइपला हात लावला आणि म्हणाले, "साहेब, पाणी एवढं कोमट पाठवल्यावर हवा थंड करणाऱ्या कॉइलवर दमट हवा पाणी सोडेल कशी? याला पाऊस कळत नाही." पाणी ७ वर आणलं, प्लांट मॅन्युअलला टाकला. दुसऱ्या दिवशी तक्रारी बंद.

तेव्हापासून जो तो शिफ्टला आला की आधी मॅन्युअल करतो. मालकांना दर महिन्याला 'ऑटोमध्ये ११ टक्के वेळ' असा रिपोर्ट जातो आणि मीटिंगमध्ये मी उभा. विकणारी कंपनी म्हणते, तुमची माणसं बदलाला तयार नाहीत. माणसं म्हणतात, रात्री दोनला भाडेकरूचा फोन आला तर शिव्या आम्ही खायच्या, एआय नाही. दोघांचंही मला पटतं, हीच पंचाईत आहे. कुणी यातून गेलंय का? विश्वास बसवायचा तरी कसा?

प्रतिसाद १
आधी एक तपासा. तुमचं बीएमएस बॅकनेटवर (इमारतीतल्या यंत्रांची आपसात बोलायची ठरलेली पद्धत) असेल तर प्रत्येक आउटपुटला प्राधान्याच्या १६ पायऱ्या असतात, आकडा जितका लहान तितका हुकूम वरचढ. १ नंबर जीवितसुरक्षेचा, ८ नंबर ऑपरेटरच्या मॅन्युअल हुकुमाचा. एआय बहुतेक ८ च्या खालच्या कुठल्यातरी पायरीवर लिहीत असेल, आणि तसंच हवं. पण कुणी ८ वर हुकूम देऊन तो मागे घ्यायला विसरला, की खाली एआय कितीही बडबडलं तरी मशीन ऐकत नाही. अशा अडकून पडलेल्या हुकुमांची, म्हणजे ओव्हरराइडची, यादी काढा. मी एका मॉलमध्ये काढली होती, एक डँपर (हवेची झडप) दोन वर्षं तसाच होता. मॅन्युअलला मुदत घाला, चार तासांनी आपोआप सुटू दे. हवं तर परत लावतील. आणि चिलर किती वेळाने पुन्हा सुरू करायचा वगैरे बंधनं चिलरच्या पॅनेलमध्येच राहू द्या, एआयच्या भरवशावर नकोत.

प्रतिसाद २
विकायला आले तेव्हा गूगलचा ४० टक्के बचतीचा आकडा दाखवला असेल, पैज लावतो. तो २०१६ चा आहे आणि डेटा सेंटरच्या फक्त कूलिंगच्या विजेचा आहे, तोही '४० टक्क्यांपर्यंत'. डेटा सेंटरमध्ये घाम येणारी माणसं बसत नाहीत! तिथेही सुरुवातीला एआय नुसतं सुचवायचं, अमलात आणायचं का ते ऑपरेटर ठरवायचे. थेट ताबा दिल्याचं त्यांनी २०१८ मध्ये जाहीर केलं. तेव्हाही एआयची प्रत्येक सूचना स्थानिक कंट्रोल सिस्टीम आपल्या मर्यादांशी ताडून बघायची आणि ऑपरेटरला कधीही बाहेर पडता यायचं. पुढे २०२२ मध्ये गूगलच्याच डीपमाइंड या एआय कंपनीने ट्रेन (Trane) या एसी बनवणाऱ्या कंपनीसोबत दोन खऱ्या इमारतींवर प्रयोग केले, तिथे बचत साधारण ९ आणि १३ टक्के आली. मालकांना हे आकडे सांगा. अपेक्षा जमिनीवर आली की निम्मा ताण जातो.

तुम्ही एकदम ताबा दिलात, तिथे चुकलं. तीन महिने 'फक्त सूचना' मोडवर या. ऑपरेटरने सूचना नाकारली तर दोन शब्दांत कारण लिहायचं, मराठीत चालेल. दर शुक्रवारी ती वही घेऊन त्या कंपनीच्या इंजिनिअरला समोर बसवा.

प्रतिसाद ३
+१. पण मला सांगा, एआयला आर्द्रता दिली होती का कुणी? वीज कमी करा आणि २४ अंश सांभाळा एवढंच सांगितलं असेल तर त्याने सांगितलेलं काम चोख केलं. रिटर्न एअरमध्ये (मजल्यांवरून परत येणाऱ्या हवेत) आरएच, म्हणजे सापेक्ष आर्द्रतेचा, सेन्सर बसवा आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं की पाण्याचं तापमान वाढवायचं नाही, अशी अट घाला.

बचतीचा हिस्सा त्या कंपनीला द्यायचा करार असेल तर गेल्या मे महिन्याशी तुलना मान्य करू नका. तेव्हा किती मजले भरलेले होते? एक आठवडा एआय, एक आठवडा तुमची पद्धत, असं आलटून पालटून चालवा आणि चिलर, पंप, टॉवरचे मीटर तुमच्या माणसांनी वाचावेत. आपण वाचलेला आकडा माणूस मानतो.

प्रतिसाद ४
अवांतर: तुमच्या काकांना कुणी सांगितलंय का, की एआय आल्यावर शिफ्ट कमी होणार नाहीत? मॅन्युअल बटण कधीकधी नोकरीसाठीही दाबलं जातं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद ४, नाही सांगितलं. खरं तर मी स्वतःही मालकांना विचारलं नव्हतं. काल विचारलं, 'कमी करणार नाही' असं ईमेलवर लिहून घेतलं आणि प्रिंट काढून प्लांटरूममध्ये लावली.

ओव्हरराइड ३७ निघाले. त्यातले बरेच आपले, पण सहा एआय बसवणाऱ्यांनीच चाचणीच्या वेळी लावलेले! आर्द्रता त्यांना दिलीच नव्हती, सेन्सरची ऑर्डर गेली. सोमवारपासून फक्त सूचना मोड.

आज वहीत काकांची पहिली नोंद आली: "टॉवर २ वर भार टाकू नये. बेल्ट सैल आहे, पंखा नीट फिरत नाही." बीएमएसवर तो पंखा १०० टक्के दिसतोय. उद्या फिटर येतोय.