अनुभव धागा: सीमा ओलांडताना तुमचं काय झालं?

रानजाई
काल नातेवाईकांच्या ग्रुपवर बेकायदा स्थलांतरावरून जुंपली. एक पार्टी म्हणे सीमा कडेकोट बंद करा, दुसरी म्हणे सीमाच कशाला हव्यात. वाचता वाचता मला साल्झबर्ग-म्युनिक गाडी आठवली. शेंगेनमध्ये (युरोपातल्या खुल्या सीमांच्या देशांत) आपसात तपासणी नसते हे मला पाठ होतं, पण २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर परत पोलीस बसवले. सीमेवरच्या फ्राइलासिंग स्टेशनला दोघे पोलीस चढले. डबा भरलेला, पण विचारलं फक्त मला आणि दाराशी उभ्या असलेल्या एका पोराला. शेजारच्या गोऱ्या आजींना पर्सही उघडावी लागली नाही. माझं कार्ड त्याने उजेडात तिरकं धरलं, कडेला नखाने खरवडून पाहिलं आणि परत दिलं. पोराकडे काहीच नव्हतं. तो बॅग तशीच ठेवून उतरला. मग पोलीस परत आला, बॅग उचलून घेऊन गेला. माझे कागद चोख होते तरी हात गार पडलेले.
तुमचे अनुभव लिहा. राजकारण शक्यतो नको.

टवाळ_तात्या
"राजकारण नको" 😂 धाग्याला पन्नास प्रतिसादांच्या शुभेच्छा.

डोंगरवाट
सोनौली, भारत-नेपाळ सीमेवरचा नाका. चालत नेपाळमध्ये गेलो, कमानीखालून. कुणी हटकलं नाही. आमच्या बरोबरचा फ्रेंच माणूस मात्र व्हिसाच्या रांगेत, आम्ही पलीकडे त्याची वाट बघत बसलो. १९५० च्या करारापासून असंच आहे, दोन्हीकडचे लोक राहतात, काम करतात. कुठे बुडाला देश?

ओवी_म
डोंगरवाट, बुडाला नाही, पण त्याच कमानीखालून मुलीही विकायला नेल्या जातात. मी त्या भागात काही काळ काम केलंय. मैती नेपाळ या तस्करीविरोधी संस्थेच्या मुली नाक्यावर उभ्या असतात, येणाऱ्या-जाणाऱ्या जोड्या बघतात. मुलगी गप्प आणि सगळी उत्तरं बरोबरचा माणूस देतोय, असं दिसलं की दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे. गावाचं नाव जुळत नाही मग. सीमा खुली राहूनही हे होतं, म्हणजे खुली सीमा आणि डोळे मिटलेली सीमा एकच नव्हे. बाकी नंतर, लेकीला आणायला जायचंय.

खिडकीची_सीट
मी वेगळं बोलणार, शिव्या घाला. अमेरिकेत आहे, एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग हलत नाही. मुलगा २१ चा झाला की माझ्या अर्जातून बाहेर पडू शकतो, वाढला इथेच. आणि टीव्हीवर कुणी म्हणतं जे बेकायदा आत आलेत त्यांना माफ करा. चीड येते हो. रांगेत उभं राहणाऱ्याचं काय?

टवाळ_तात्या
रांग आपण लावायची आणि काउंटर बंद! हे कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय.

मुक्काम_पोस्ट
खिडकीची सीट, चीड समजते. पण मी ज्या पेट्रोल पंपावर शिकताना कामाला होतो तिथे एक पंजाबी पोरगा होता, डंकीने, म्हणजे एजंटाच्या चोरट्या वाटेने आलेला. कोलंबिया-पनामामधल्या दारिएनच्या जंगलातून. पायांची नखं गेली होती, बूट काढताना मोजे चिकटायचे. शेत विकून एजंटाला पैसे दिलेले. त्याला रांगच नव्हती हो, त्याच्यासारख्याला कुठला व्हिसा मिळणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने लष्करी विमानातून १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं तेव्हा त्याचाच चेहरा डोळ्यासमोर. तो त्यात होता का माहीत नाही, नंबर लागत नाही.

खिडकीची_सीट
एजंटाला पकडा ना मग. त्या पोराबद्दल वाईट वाटतंच.

जुना_ठेवा
अनुभव नाही, निरीक्षण. मेक्सिकोतून शेतमजूर आणायची अमेरिकेची ब्रासेरो योजना १९४२ ते १९६४ चालली. हंगाम संपला की बरेच घरी जायचे. योजना बंद झाली, शेतांना माणसं लागतच होती, तीच माणसं तिथेच येत राहिली, फक्त आता बेकायदा. मग १९९० च्या दशकात पहारा वाढवला. एकदा घरी गेलं की परत येणं अवघड म्हटल्यावर गेलेला माणूस तिकडेच राहिला आणि बायकापोरांना बोलावून घेतलं. कुंपणाने आत यायचं थांबवायचं होतं, त्याने घरी जायचंही थांबवलं.

रानजाई
जुना ठेवा, हे ग्रुपवर डकवू का? काका चिडतील 😄

डोंगरवाट
नागालँडचं लोंगवा राहिलंच. गावप्रमुखाच्या घरातून भारत-म्यानमार सीमा जाते. मी चुलीजवळ बसलो होतो, घरातला मुलगा म्हणाला आता तुम्ही त्या देशात. मोबाईलने पण लगेच घड्याळ बदललं. तिथल्या लोकांना १६ किमीपर्यंत ये-जा मोकळी होती, आता १० किमी आणि पास. नातेवाईक दोन्हीकडे.

ओवी_म
(आले परत.) मणिपूरकडून ऐकलं तर मात्र वेगळं कळेल. तिथल्या अनेकांना हीच मोकळीक नको आहे.

पासपोर्ट_हरवला
जरा अवांतर. पुढच्या महिन्यात युरोप, म्हणतात शिक्का मारत नाहीत आता?

रानजाई
हो, १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी नवी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली. चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे. बारा वर्षांखालच्यांचे ठसे नाहीत. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हा हिशोब आता मशीनच करतं, जास्त राहिलात तर लगेच कळतं.

पासपोर्ट_हरवला
आमचे हे शिक्के जमवतात, नाराज होणार. आणि माझे ठसे आधारलाही उमटत नाहीत.

टवाळ_तात्या
वहिनी, म्हणजे यंत्रणेच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत. राहा कितीही दिवस.

पासपोर्ट_हरवला
😂😂 तात्या, जामीन तुम्ही राहायचं.