थर्मोपिलीची खिंड एकट्या एफिआल्टीसमुळे पडली का?

डोंगरवाट
ग्रीसमधल्या थर्मोपिलीचा विषय निघाला की आपल्याकडे खिंड लढवणारा स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि पर्शियनांना डोंगरातली वाट दाखवणारा फितूर एफिआल्टीस ही दोनच नावं येतात. मग पावनखिंड आठवते आणि बोलणं शौर्यावर येऊन थांबतं. शौर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण इ.स.पू. ४८० मध्ये खिंड गेली त्याचं सगळं खापर एका वाटाड्यावर फोडणं मला पटत नाही.

एका अंगाला कॅलिड्रोमोस डोंगर, दुसऱ्या अंगाला तेव्हा समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. पर्शियाचा सम्राट झर्क्सीझ याचं सैन्य दोन दिवस समोरून धडका देऊन थकलं. पण डोंगरावरून जाऊन खिंडीच्या मागे उतरणारी अनोपेया ही वाट होती. लिओनिडासला ती तिथे पोचल्यावर जवळच्याच ट्रॅकिसच्या लोकांकडून कळली होती. म्हणजे एफिआल्टीसने वाट दाखवण्याआधीच बचाव करणाऱ्यांना तिचा धोका ठाऊक होता.

वाटेवर लिओनिडासने फोकिस या शेजारच्या ग्रीक प्रांताचे १००० जण बसवले होते. पर्शियन सेनापती हायडार्निस 'अमर' म्हणून ओळखले जाणारे आपले निवडक सैनिक घेऊन दिवेलागणीला निघाला, रात्रभर चढला आणि पहाटे माथ्याजवळ आला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की वारा पडला होता आणि पावलांखाली ओकची पानं वाजली, तेव्हा कुठे फोकिसवाले उठून चिलखतं चढवू लागले. मार्चमध्ये सागाच्या रानातून चाललेल्यांना हा आवाज माहीत आहे. एकटा माणूस चालला तरी पलीकडच्या वळणावर कळतं. इथे हजारो पावलं होती आणि जाग आली ती शत्रू अंगावर आल्यावर! वाटेवर खाली चार माणसांची चौकीसुद्धा नव्हती का?

आणि हायडार्निसही त्यांना पाहून दचकला होता. हे स्पार्टन तर नाहीत ना, असं त्याने एफिआल्टीसला विचारलं. वर थोडे जरी स्पार्टन असते तर?

गडकरीण
साफ असहमत. लिओनिडासकडे सगळे मिळून सहा-सात हजार माणसं. त्यातली १००० डोंगरावर ठेवणं याला दुर्लक्ष म्हणायचं का? शिवाय फोकिसवाल्यांनी ही कामगिरी स्वतःहून मागितली होती. मुलूख त्यांच्या शेजारचा, खिंड फुटली तर पहिला घाव त्यांच्याच गावांवर बसणार. त्यांच्यापेक्षा जिवावर उदार होऊन कोण लढलं असतं?

चूक झाली ती शेवटच्या काही क्षणांत. बाणांचा मारा सुरू झाला, आपल्यावरच चाल आहे असं त्यांना वाटलं आणि ते मरायच्या तयारीने शिखराकडे सरकले. वाट मोकळी झाली. हायडार्निसने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ खाली उतरला. फोकिसवाल्यांना मी भित्रे म्हणणार नाही, पण हा दोष लिओनिडासचाही नाही. आणि वाटाड्या नसता तर परक्या सैन्याला रात्रीत तो डोंगर ओलांडता आला असता का? फितुरी ती फितुरीच.

नदीकाठ
फितुरी कोणाशी पण? एफिआल्टीस मालिसचा, म्हणजे खिंडीलगतच्याच मुलखातला. मालिसने झर्क्सीझला आधीच माती आणि पाणी देऊन शरणागती पत्करली होती. पर्शियन छावणी त्याच्याच मुलखात पडलेली. बक्षिसाच्या लोभाने तो गेला हे खरंच आणि ते मला घाणेरडं वाटतं. पण त्याला सूर्याजी पिसाळांच्या रांगेत बसवण्याआधी त्याने कोणाचं मीठ खाल्लं होतं ते बघा. स्पार्टाचं नक्कीच नाही.

गडकरीण
पण नंतर त्याच्या डोक्यावर इनाम लावलं ते ग्रीकांनीच. त्यांनी त्याला परका मानलं नव्हतं.

डोंगरवाट
ही वाट पुढेही दगा देत राहिली. इ.स.पू. १९१ मध्ये सीरियाचा राजा अँटायोकस तिसरा खिंड अडवून बसला, तेव्हा रोमनांचा केटो याच डोंगरावरून मागे उतरला. वर अँटायोकसच्या बाजूच्या एटोलियन ग्रीकांचा पहारा होता, तोही गाफील सापडला. त्याआधी २७९ मध्ये उत्तरेकडून गॉल टोळ्या आल्या तेव्हा वाटेवर पुन्हा फोकिसचेच लोक! धुकं इतकं की शत्रू जवळ येईपर्यंत दिसला नाही. पण या वेळी ते वाटेवर लढले, रेटा असह्य झाल्यावर खाली धावत जाऊन वर्दी दिली आणि वेढा पुरा होण्याआधी अथेन्सच्या जहाजांनी ग्रीक सैन्य बाहेर काढलं. पहारा असा असतो.

पायवाट७
एक राहिलं. ४८० मध्ये बाकीचे ग्रीक निघून गेल्यावरही थेस्पिया या ग्रीक गावाचे ७०० जण आपला सरदार डेमोफिलस याच्यासह लिओनिडासजवळ आपणहून मागे राहिले आणि तिथेच मेले. त्यांचं गाव पुढे पर्शियनांनी जाळलं. छोट्याशा गावाची ७०० माणसं गेली आणि आपण दरवेळी फक्त लिओनिडासचे ३०० स्पार्टन मोजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

गडकरीण
पायवाट, अगदी खरं.

डोंगरवाट, २७९ ची तुलना मात्र मान्य नाही. तेव्हा सुटका करणारी जहाजं किनाऱ्याशी होती. ४८० मध्ये ग्रीक आरमार त्याच दिवसांत जवळच्या आर्टेमिसियमच्या समुद्रात झुंजत होतं. लिओनिडासजवळ काय होतं? अथेन्सच्या अब्रोनिकसची तीस वल्ह्यांची एक होडी, तीही आरमाराला बातमी पोचवण्यासाठी ठेवलेली. फोकिसवाल्यांनी वेळेत वर्दी दिली असती तरी त्या होडीत किती जण मावले असते?