व्हायकिंगांच्या वसाहतींत चांदी तोलून व्यवहार का होत असत?

प्रश्न : हुपरीचा वाचक

आमच्या घरात तीन पिढ्यांपासून पैंजण घडवले जातात, त्यामुळे मोड (मोडीत काढलेले दागिने), टंच (चांदीची शुद्धता) आणि घट (घडवताना होणारी तूट) हे शब्द मी शाळेत जाण्याआधीच शिकलो. अलीकडे आयर्लंड आणि इंग्लंडमधील व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लोकांच्या, वसाहतींविषयी वाचताना एक शंका मनात घर करून राहिली आहे. डब्लिनची वसाहत इ. स. 841 मध्ये उभी राहिली, पण तिथे स्वतःचे नाणे पडले ते 997 च्या सुमारास, सिट्रिक राजाच्या काळात. मधली दीडशे वर्षे एवढे गजबजलेले बंदर स्वतःच्या नाण्याशिवाय चालले. शेजारच्या इंग्लंडमध्ये उत्तम चांदीची नाणी चलनात असताना हे लोक कड्यांचे तुकडे, लगडी आणि अर्धी-पाव कापलेली नाणी तोलून का देत-घेत असत? त्यांना नाणे पाडण्याची कला अवगत नव्हती, की त्याची गरजच वाटत नव्हती?

उत्तर : गुजरीतील सराफ

गरज वाटत नव्हती, असेच मी म्हणेन. आपल्या दुकानदारीतलेच उदाहरण घ्या. राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा असे आणि त्यामागे एकच सरकार उभे होते, म्हणून जुने लोक तोच रुपया काट्याच्या पारड्यात वजन म्हणून टाकत. डब्लिनच्या व्यापाऱ्यापुढे मात्र एका वेळी इंग्लंडच्या पेनी, फ्रँक राज्यातले देनिए आणि मध्य आशियातील सामानी राजांचे दिरहम अशी निरनिराळी चांदीची नाणी येत. प्रत्येकाचे वजन निराळे आणि त्यावरचा राजा परका. अशा वेळी छाप बाजूला ठेवून चांदी पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

ते चांदी कशी पारखत, हे त्या नाण्यांवरच दिसते. 1840 मध्ये इंग्लंडमधील प्रेस्टनजवळ, कुअरडेल येथे रिबल नदीच्या बांधाची दुरुस्ती करताना मजुरांना शिशाच्या पेटीतला ठेवा सापडला. त्यात सुमारे 7,000 नाणी आणि हजारावर लगडी, कडी व तुकडे मिळून जवळपास 40 किलो चांदी होती. त्यातील अनेक नाण्यांवर चाकूच्या टोकाने काढलेले बारीक चरे आहेत, कारण अस्सल चांदी मऊ असल्याने टोक आत रुतते आणि भेसळीची किंवा मुलाम्याची लबाडी लगेच उघडी पडते. एकच नाणे अनेक हातांतून गेले, तर त्यावर अनेक चरे पडत. कसोटीचा दगड आपल्याला ज्या कामी येतो, त्याच कामी त्यांना हे टोक येत होते.

उत्तर : इतिहासाची शिक्षिका, कोल्हापूर

वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते, कारण सगळ्या वसाहतींचे चित्र एकसारखे नव्हते. यॉर्क हे शहर 866 मध्ये व्हायकिंगांच्या हाती गेले आणि शतक संपण्याआधी तिथल्या राजांच्या नावाने पेनी पडू लागल्या. पुढे ओलाफ राजाच्या पेनीवर कावळ्यासारखा पक्षी आणि चक्क नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेतला ‘राजा’ हा शब्द झळकला. म्हणजे कला अवगत होती. जिथे जुनी टांकसाळ, चर्च आणि शेतसारा देणारी रयत आयती मिळाली, तिथे नाणे लवकर रुजले. डब्लिनला हे काहीच आयते मिळाले नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांत तर कडेच पैसा झाले. तिथल्या स्केल येथे 1858 मध्ये सापडलेल्या आठ किलोंहून अधिक चांदीत साधी, नक्षी नसलेली कडी बरीच आहेत, आणि अशी पुष्कळ कडी 24 ग्रॅमच्या आसपास भरतात.

ही चांदी आली कुठून, हे मात्र विसरून चालणार नाही. समरकंदकडचे दिरहम रशियातील व्होल्गा नदीच्या वाटेने कातडी आणि गुलाम यांच्या मोबदल्यात उत्तरेत येत होते, आणि डब्लिन तर गुलामांच्या बाजारासाठीच कुप्रसिद्ध होते. इंग्लंडमधील टॉर्क्सी येथे 872-73 च्या हिवाळ्यात व्हायकिंग सैन्याचा तळ पडला होता. तिथल्या शेतात कापलेल्या दिरहमांचे शंभराहून अधिक तुकडे मिळाले आहेत. त्या प्रत्येक तुकड्यामागे कोणाची तरी लूट किंवा विक्री असू शकते, आणि हे लक्षात ठेवूनच आपण त्या चांदीचे कौतुक करावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक शंका उरते. हुपरीत टंच काढणारा तिसरा माणूस असतो आणि त्याचा शब्द दोन्ही बाजू मानतात. तिथे काटा आणि वजने कोणाची धरत?

उत्तर : गुजरीतील सराफ

काटा ज्याचा त्याने बाळगायचा, अशीच रीत दिसते. कांस्याचे दुमडणारे छोटे तराजू आणि शिशाची वजने व्हायकिंगांच्या थडग्यांत सापडतात. डब्लिनच्या उत्खननात शिशाची वजने शेकड्यांनी मिळाली असून त्यांतील पुष्कळ सुमारे 26.6 ग्रॅमच्या, म्हणजे आपल्या सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त अशा, एककावर बसतात. तिथे वजनांचे प्रमाण बहुतेकांचे सारखे असले, तरी वजने ज्याची त्याची. स्कॉटलंडजवळच्या कोलनसे बेटावरील किलोरन बे येथील एका थडग्यातल्या काही वजनांच्या माथ्यावर आयरिश दागिन्यांचे मिन्याचे तुकडे बसवलेले आहेत, बहुधा मालकाला आपले वजन चटकन ओळखता यावे आणि कोणी ते हलक्या वजनाशी बदलू नये म्हणून. त्या थडग्यातला माणूस होडी, तलवार, ढाल आणि घोड्यासह पुरलेला होता, आणि त्या सगळ्यांबरोबर त्याचा काटाही होता.