सेकंडहँड अ‍ॅडव्हेंचर बाइकचा दुसरा गिअर सुटतोय, पुण्यात खात्रीचा मेकॅनिक हवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. तीन महिन्यांपूर्वी 38,000 किलोमीटर चाललेली अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली. रविवारी ताम्हिणी चढताना दुसरा गिअर सुटायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की खट्‌कन आवाज आणि गाडी न्यूट्रलला, मागे ट्रक! जीव मुठीत धरून पहिल्या-तिसऱ्यावर घरी आणली.

काल ऑइल काढलं. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला नुसती बारीक भुकटी असती तर एवढं वाटलं नसतं, पण तांदळाच्या कणीएवढा तुकडा निघाला, एका कडेने झिजून गोल झालेला. गिअरचे डॉग (गिअर एकमेकांत अडकवणारे बाजूचे दात) गेलेत असं वाटतंय, शिफ्ट फोर्कही (गिअर सरकवणारा काटा) वाकला असेल. क्लच केबलचा प्ले (ढिलाई) बरोबर आहे.

म्हणजे इंजिन खोलणं आलंच. एक गॅरेजवाले म्हणतात अख्खा सेट बदला, दुसरे म्हणतात फक्त तो गिअर. माझ्या मते त्याचा जोडीचा गिअर आणि फोर्क तरी सोबतच बदलायला हवेत, वाकलेल्या फोर्कवर नवा गिअरही टिकणार नाही. बरोबर आहे ना?

नाना पेठेत असे पार्ट मिळतात का? आणि कोथरूड-कर्वेनगरकडे क्रँककेस (इंजिनचं बाहेरचं कवच) स्वतःच्या हाताने उघडणारा, पोऱ्यावर न सोपवणारा मेकॅनिक कुणाच्या ओळखीत आहे का? खर्चाचा अंदाजही सांगा. तोवर गाडी हलवत नाही.