तिकडे जिना पुसतो, इकडे ताट उचलत नाही

गावभागची सून
आम्ही दोघं 2018 पासून जर्मनीत, स्टुटगार्टला असतो. दोघांचीही नोकरी. सध्या तीन आठवड्यांच्या रजेवर सांगलीत, सासरी आलोय. कधीचं मनात साठलंय ते मांडते. पटलं नाही तर खुशाल भांडा.

तिकडे आमच्या बिल्डिंगमध्ये 'केरवोखे' असतो. त्या भागातली जुनी पद्धत आहे. भाडेकरूंनी आळीपाळीनं एकेक आठवडा सार्वजनिक जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. (त्यांचा 'केर' म्हणजेही झाडणंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते.) आमच्या पाळीला शनिवारी सकाळी नवरा बादली घेऊन उतरतो. वरच्या मजल्यावरची आजी नंतर कोपऱ्यातून बोट फिरवून बघते. एकदा कठड्याखाली धूळ राहिली म्हणून तिनं त्याला परत बोलावलं. हा गेला आणि शिट्टी वाजवत पुसून आला.

परवा रात्री तोच माणूस इथं जेवून उठला. ताटातच हात धुतला, आमटीची वाटी, लिंबाची फोड सगळं तसंच, आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. मी हात घातला तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, मी घेते." त्या 68 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. नंतर खोलीत त्याला विचारलं. म्हणाला, "इथं ते कसं दिसेल?"

ज्याला काम येतच नाही त्याचं मी समजू शकते. ज्याला येतं आणि गाव बघून जो विसरतो, त्याचं काय करायचं?

साताऱ्याची काकू
बाई गं, तुझा राग कळला. पण माझंही ऐक. माझा मुलगाही तिकडेच आहे, वर्षातून एकदा येतो. पोवई नाक्यावर उतरला की मला फोन करतो आणि मी पोळ्यांचा तवा ठेवते. त्याला मी ताट उचलू देत नाही. कुणी माझ्यावर लादलेलं काम नाही ते, माझा हट्ट आहे. इथं रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात त्याच्याकडे साडेसहा झालेले असतात. मोबाईल ओट्यावर टेकवून तो कांदा चिरत बोलतो. सून शेजारी उभी असते, हसत असते. सगळं चांगलं आहे हे दिसतं, तरी माझ्या पोटात कालवतं. ते चूक असेल. पण उरलेले एकोणपन्नास आठवडे तो तिथं घासतोच आहे ना? माझ्या घरी तीन आठवडे तरी नको.

हळदवाला
काय राव, ताटावरून एवढं! तिकडे कामाला माणूस परवडत नाही म्हणून करतो, इकडे भांड्यांना मावशी असतीलच. जिथं जसं तिथं तसं. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात म्हणून तुम्ही इथं रविवारी मारुती रोडला जायचं सोडता का?

गावभागची सून
मावशी सकाळी येतात. रात्रीचं ताट जेवायच्या जागेपासून मोरीपर्यंत कोण नेतं, एवढंच विचारतेय. बारा पावलं आहेत. मोजलीत.

मिरज_जंक्शन
मी ह्याच जातीचा नवरा. म्यूनिकला सात वर्षं झाली. मागच्या दिवाळीत मिरजेला घरी सहज कुकर लावायला उठलो. आई काही बोलली नाही. पण काकानं बघितलं आणि संध्याकाळपर्यंत भावकीत झालं, 'पोराला बायकोनं कामाला लावलंय'. मला कुणी काही म्हणालं नाही. बायकोला मात्र हळदीकुंकवात दोघीतिघींनी ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून मी गप पेपर वाचत बसलो. भित्रेपणा म्हणायचा तर म्हणा. पण इथं ताट आम्ही उचललं की मार तुम्हाला बसतो. तुमच्या नवऱ्यालाही हे माहीत असणार, विचारून बघा.

परत आलेली
'तुझ्यासाठीच करत नाही' हे मी अकरा वर्षं ऐकलंय. फार सोयीचं वाक्य आहे.

आणि ताई, राग इथल्या तीन आठवड्यांचा असेल तर तिकडचा हिशोबही एकदा मांडून बघा. आमच्याकडे वाटणी सरळ होती. स्वयंपाक माझा, भांडी त्याची. कढई मशिनमध्ये मावायची नाही, ती तो हातानं घासायचा, तेही चकचकीत. पण कचऱ्याची पिवळी पिशवी कुठल्या दिवशी बाहेर ठेवायची? उद्या सगळं बंद म्हणून शनिवारी दूध, पीठ किती आणायचं? रात्री दहानंतर आवाज चालत नाही, मग धुणं कधी लावायचं? आपले आईवडील येणार तर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, मग बाळंतपणाला कुणी आधी यायचं, कुणी नंतर? हे सगळं माझ्या डोक्यात. तो म्हणायचा, "तू सांग, मी करतो." रोज सांगत बसणं हेही कामच असतं, हे त्याला पटेपर्यंत चार वर्षं गेली.

आकडेमोड
जर्मनीचं फार कौतुक नको. तिथल्या सरकारी सांख्यिकी खात्याच्या 2022 च्या पाहणीत बायकांचं बिनपगारी काम आठवड्याला जवळपास 30 तास भरलं, पुरुषांचं 21 च्या आसपास. 1977 पर्यंत तर तिथल्या कायद्यातच होतं, बायकोनं नोकरी करायची ती संसार सांभाळून. आपल्याकडे 2019 च्या वेळवापर पाहणीत घरकामाला बायकांची दिवसाची 299 मिनिटं आणि पुरुषांची 97. आता मेख बघा. ही 97 मिनिटं जे पुरुष काही करतात त्यांचीच सरासरी आहे, आणि असे पुरुष चारातला जेमतेम एक.

हळदवाला
बाकीचे तीन आम्हीच. ठीक आहे.

कृष्णाकाठ
हळदवाले, तुमचं 'जिथं जसं' मलाही पटायचं. पण 2019 चा ऑगस्ट आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी गेलं 57 वर. ओसरलं तेव्हा आमच्या घरात पोटरीभर गाळ होता. माझ्या वडिलांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता. ते आठ दिवस खराटा आणि फावडं घेऊन राबले. आईच्या डब्यांची झाकणं त्यांनी एकेक घासून गच्चीवर उन्हात मांडली, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीनं. कुणी बघतंय का, काय म्हणेल, काही नाही. सगळी गल्लीच तेच करत होती.

नवव्या दिवशी सकाळी चहा झाला आणि त्यांनी कप होता तिथंच ठेवला. आईनं उचलला. पूर काही स्टुटगार्टला आला नव्हता.

हळदवाला
हे लागलं. आमच्या गोडाऊनमधली भिजलेली पोती मीच ओढत होतो, आणि घरी आल्यावर फरशीही पुसली होती. मला आठवतही नव्हतं ते. तरी माझं मत तेवढंच आहे की आईबापासमोर नवऱ्याचा मुद्दा करू नये. खोलीत काय भांडायचं ते भांडा.

साताऱ्याची काकू
68 आणि गुडघे, हे मी आधी नीट वाचलंच नव्हतं. माझेही दुखतात. पण सुनेनं येऊन विचारलं तर मी 'नाही' असंच सांगेन, तेवढं ध्यानात ठेव.

गावभागची सून
काल रात्रीचं सांगते. मी त्याला काही बोलले नव्हते, हे आधीच स्पष्ट करते. जेवण झाल्यावर माझं, सासूबाईंचं आणि सासऱ्यांचं ताट उचललं. त्याचं तसंच ठेवलं आणि येऊन बसले. पाचेक मिनिटं कुणीच काही बोललं नाही. आमटी ताटाच्या कडेला वाळायला लागली. मग सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठायला लागल्या, तेव्हा तो म्हणाला, "आई, बस." घेऊन गेला. मोरीत पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता, चारही ताटं घासूनच आला.

सासूबाईंनी त्याचं ताट ट्यूबखाली धरून बघितलं. म्हणाल्या, "कडेला तेलकट राहिलंय." मला एकदम ती वरच्या मजल्यावरची आजी आठवली. तो हसला आणि परत घासून आला. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू काय बघत बसली होतीस?"

मिरज_जंक्शन
बसला ना मार?